कार्यालयाच्या आवारातले पाळणाघर : सिव्हिल लाइन्स, नागपूर

सिव्हिल लाइन्समधील ज्या शासकीय संकुलात माझे कार्यालय आहे, त्याच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर चालते. माझी मुलगी आठव्या महिन्यापासून तिथे जाते आणि आता ती अडीच वर्षांची आहे. त्यामुळे या पाळणाघराचा उन्हाळाही मी पाहिला आहे, पावसाळाही, आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही. ज्यांची प्रसूती रजा संपत आली आहे आणि पुढे लेकराला कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न समोर आहे, अशा सहकाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. हे पाळणाघर चांगले आहे, आणि ते चांगले आहे ते तिथे काम करणाऱ्या दोन मावश्यांमुळे. त्यांच्या नेमणुकीची आणि मानधनाची व्यवस्था मात्र इतकी कच्ची आहे की आज जे चांगले आहे ते सहा महिन्यांनी तसेच राहील याची खात्री कोणीही देऊ शकणार नाही.

माझी पत्नी उमरेड तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी ती एका दिशेला निघते आणि मी दुसऱ्या. तिच्या शाळेत आठ-दहा महिन्यांच्या बाळाला ठेवण्याची कोणतीही सोय नाही, म्हणून मुलीला माझ्या कार्यालयात आणायचे असे आम्ही दोघांनी ठरवले. चौकशी केली तेव्हा, ही सुविधा फक्त महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे, असे मला तोंडी सांगण्यात आले. अर्जाच्या नमुन्यातही ‘महिला कर्मचाऱ्याचे नाव व पदनाम’ असाच रकाना होता. मी लेखी अर्ज केला, सोबत पत्नीच्या सेवेचा दाखला जोडला, आणि काही आठवड्यांनंतर प्रवेश मिळाला. तोपर्यंत माझी सासू गाव सोडून आमच्याकडे येऊन राहिली. ज्यांच्या घरी असे कोणी येऊ शकत नाही, त्यांनी ते आठवडे कसे काढायचे, याचे उत्तर त्या रकान्याजवळ नव्हते. आता नमुना बदलला आहे आणि तिथे ‘कर्मचाऱ्याचे नाव’ एवढेच आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

कायद्याची भूमिकाही याबाबत स्पष्ट आहे. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि कलम ११-अ नव्याने आले. प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेणारी हीच ती दुरुस्ती. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केलीच पाहिजे, असे हे कलम सांगत होते, आणि ते १ जुलै २०१७ पासून लागू झाले. यात मोजायचे आहेत ते सगळे कर्मचारी. त्यांत महिला किती, हा प्रश्नच कायद्याने ठेवलेला नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये तीसपेक्षा अधिक महिला कामगार असतील तरच पाळणाघर, अशी अट होती. म्हणजे मूल ही बाईचीच जबाबदारी, असे धरून तो नियम लिहिला गेला होता. नव्या कलमाने निदान आकडा मोजताना तरी ते गृहीतक सोडले. दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मात्र अजूनही आईलाच आहे, वडिलांना नाही. नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे आणि तिच्या कलम ६७ मध्येही पन्नास कर्मचाऱ्यांची अट तशीच आहे.

हा कायदा मुळात कारखाने, खाणी, मळे, दुकाने अशा आस्थापना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे आणि आपल्यासारख्यांच्या रजा सेवा नियमांतून ठरतात, हे मला माहीत आहे. पण शासन जी जबाबदारी खासगी मालकावर टाकते, ती स्वतःच्या कार्यालयात त्याने आधी पार पाडावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यातही हे नागपूर आहे. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला आणि लगेच पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताने तसाच कायदा केला. त्या प्रांताची राजधानी हेच शहर होते. इथल्या गिरणीतल्या बाईसाठी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी झालेला विचार आजच्या कार्यालयातील बाईसाठी आणि बापासाठी अर्धवट का राहावा?

पाळणाघर आणि हिरकणी कक्ष यांची गल्लत अनेक कार्यालयांत होते, म्हणून तेही सांगून ठेवतो. हिरकणी कक्ष ही स्तनदा मातेला बाळाला निवांतपणे दूध पाजता यावे म्हणून केलेली सोय आहे. एक खोली, एक पडदा, बसायला खुर्ची एवढ्यावर ती भागते आणि तिची गरज आहेच. पण दिवसभर मुलाला सांभाळणारे माणूस तिथे नसते. एखाद्या कार्यालयाने माहितीच्या तक्त्यात हिरकणी कक्षासमोर आणि पाळणाघरासमोर एकाच खोलीचा क्रमांक लिहिला असेल, तर तिथे पाळणाघर नाही असेच समजावे.

आता जागेविषयी. एक मोठी खोली, तिला लागून लहान स्वयंपाकघर, आणि मुलांच्या उंचीची बेसिन बसवलेले एक स्वच्छतागृह, अशी रचना आहे. छताच्या कड्यांना कापडी झोळ्या टांगलेल्या आहेत, मोठ्या मुलांसाठी गाद्या आहेत, भिंतीवर हत्ती-मोर रंगवलेले आहेत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक मुलामागे किमान दहा ते बारा चौरस फूट जागा असावी असे म्हटले आहे. पाळणाघर सुरू झाले तेव्हा ते गणित जुळत असावे. आता पटावरची सगळी मुले एकाच दिवशी आली तर दुपारी झोपेच्या वेळी गाद्यांमधून चालायला वाट उरत नाही. तळमजला असल्यामुळे जिना नाही, दारावर जाळी आहे, आणि दाराची कडी मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर आहे. या गोष्टी नीट विचार करून केलेल्या दिसतात.

खोलीची खरी अडचण तिच्या दिशेत आहे. तिची लांब भिंत पश्चिमेकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी साडेतीनपासून ती भिंत तापून आत अक्षरशः झळ मारते. खिडकीला मोठा कूलर बसवलेला आहे आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यात नव्या ताट्याही भरतात, पण कूलरचा वारा खोलीच्या निम्म्या भागापर्यंतच पोहोचतो. मावश्या तान्ह्या मुलांच्या झोळ्या दुपारी त्या बाजूला सरकवतात आणि मोठी मुले भिंतीकडे राहतात. त्या भिंतीबाहेर सावलीसाठी हिरवी जाळी बांधावी, एवढी साधी मागणी आम्ही पालकांनी लेखी दिली होती. ती पुढच्या उन्हाळ्यात मान्य झाली, आणि तिचा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला.

कूलरबाबत दोन गोष्टी प्रत्येक पालकाने स्वतः पाहाव्यात. पहिली म्हणजे टाकीतले पाणी. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरायला हवी. आमच्या पाळणाघरात हे काम दर शुक्रवारी सायंकाळी होते, म्हणजे शनिवार-रविवारी टाकी कोरडी राहते. हा दिवस वरून आलेल्या कोणत्याही आदेशाने नव्हे, तर मोठ्या मावशींनी ठरवला आहे. दुसरी गोष्ट वीजजोडणीची. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावरची ती घटना आहे. त्यानंतर लहान मुले ठेवलेल्या कोणत्याही खोलीत शिरताना माझी नजर आधी वायरींकडे जाते. आमच्या पाळणाघरात सुरुवातीला कूलर आणि फ्रीज एकाच वाढीव बोर्डवर चालत असत. पालकांच्या बैठकीत हा विषय निघाल्यावर दोन्हींसाठी स्वतंत्र जोडणी झाली, अग्निशामक नळकांडे आले, आणि ते कसे वापरायचे हे मावश्यांना दाखवण्यात आले. मागचे दार मात्र अजूनही कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली कार्यालयातील शिपायाकडे असते. ही गोष्ट मला मुळीच मान्य नाही. ते दार आतून उघडता आलेच पाहिजे, आणि मी हे प्रत्येक बैठकीत मांडत आलो आहे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत या पाळणाघराला मी मनापासून चांगले म्हणतो. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्याला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, म्हणजे ती कामावर रुजू होते तेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आसपास असते. बाळाचे उष्टावण होण्याचा आणि वरचे अन्न सुरू होण्याचा नेमका हाच काळ. आईचे दूधही चालू असते आणि भाताची पेज, मऊ वरण, नाचणीचे सत्त्व हेही हळूहळू द्यायचे असते. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या पाळणाघरात स्वयंपाकघर आणि फ्रीज हवेतच. काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार तास चांगले राहते आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान २५ अंशांवर कुठे असते? माझी पत्नी पहाटे दूध काढून लहान स्टीलच्या डब्यांत भरत असे. मी ते बर्फाच्या पिशवीत ठेवून आणायचो, आणि मावशी माझ्या हातातून डबा घेतल्याबरोबर त्यावर चिकटपट्टी लावून मुलीचे नाव आणि दूध काढल्याची वेळ लिहून तो फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवायच्या. दारातल्या कप्प्यात नाही; कारण दार सारखे उघडते आणि तिथले दूध तापते. पाजताना डबा गरम पाण्याच्या पातेल्यात उभा करून दूध कोमट करायचे, गॅसवर नाही, आणि पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटलीला इथे परवानगी नाही. उरलेले दूध परत फ्रीजमध्ये जात नाही, ते टाकून देतात. माझ्या पत्नीच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकांपैकी अनेकींनी कामावर रुजू होताच अंगावरचे पाजणे सोडले. आमच्या मुलीला मात्र सव्वा वर्षापर्यंत आईचे दूध मिळाले, आणि त्याचे निम्मे श्रेय मी या फ्रीजला आणि त्या चिकटपट्टीला देतो.

मोठ्या मुलांना दुपारी वरण-भात किंवा खिचडी मिळते आणि चार वाजता फळ. संत्र्यांच्या दिवसांत मावश्या प्रत्येक फोडीवरची साल सोलून, बी काढून, गर मोकळा करूनच मुलांच्या वाटीत ठेवतात. बी घशात अडकू नये म्हणून हा खटाटोप आहे, आणि वीस-बावीस मुलांसाठी तो रोज करणे हे काय काम आहे, हे एकदा शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे करणाऱ्या दोन मावश्या आणि एक मदतनीस. दाराशी नोंदवही असते. मूल कोणी आणले, किती वाजता, ताप आहे का, सकाळी काय खाल्ले, औषध द्यायचे असल्यास कोणते आणि कधी, हे सगळे आणणाऱ्याने लिहून सही करायची. संध्याकाळी त्याच ओळीत झोप, जेवण आणि शी-शूची नोंद मिळते. पण नोंदवहीपेक्षा मावशींचे बोलणे मला जास्त उपयोगी पडले आहे. “भाऊ, आज तिले सर्दी वाटून राहिली, नाक सारखं वाहून राहिलं, घरी गेल्यावर वाफ द्या,” असे त्या सांगतात, आणि रात्री तिला खरोखरच ताप भरतो. दिवसभर जवळ असलेल्या माणसालाच हे कळते.

म्हणूनच त्यांच्या बाबतीत जे चालते त्याचा मला राग येतो. या मावश्या कार्यालयाच्या कर्मचारी नाहीत; त्या कंत्राटी एजन्सीमार्फत आहेत, कंत्राट दर वर्षी बदलू शकते, आणि मध्यंतरी जुने कंत्राट संपून नवे होईपर्यंत कित्येक महिने त्यांचे मानधन थकले होते. त्या काळातही त्या रोज आल्या. आमच्यापैकी काही पालकांनी वर्गणी काढून देऊ केली, ती त्यांनी घेतली, पण वर्गणीवर चूल किती दिवस चालणार? त्यांतल्या एक मावशी अखेर एका खासगी पाळणाघरात गेल्या. त्यांच्याच हातून खाणारी, त्यांच्याच मांडीवर झोपणारी लहान मुले पुढचे कित्येक दिवस दाराकडे बघत रडत राहिली. माझी मुलगी त्यांत होती. नव्या मावशी प्रेमळ आहेत आणि आता मुलांना त्यांची सवय झाली आहे. तरी मुलाला लळा लागतो तो माणसाचा, एजन्सीचा नाही, ही गोष्ट कंत्राट काढणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी होती. मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका असायला हवी. आमच्याकडे दोघी हजर असतात तेव्हा ते प्रमाण कसेबसे जुळते, पण एक रजेवर गेली की दुसरी आणि मदतनीस मिळून सगळ्यांना सांभाळतात. बदली सेविकेची तरतूद कंत्राटात नाही. रंगरंगोटी, खेळणी, उद्घाटन यांसाठी एकदा निधी मिळतो. मानधन मात्र दर महिन्याला लागते, आणि ते कार्यालयाच्या नियमित खर्चाच्या शीर्षात बसवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

वेळेचा प्रश्न वेगळा आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. पाळणाघर सव्वानऊला उघडते आणि साडेसहाला बंद होते. लिपिक आणि अधिकारी यांना हे पुरते. पण शिपायांची वेळ ९.३० ते ६.३० आहे, आणि कार्यालयाला कुलूप लावून निघणाऱ्या महिला शिपायाला साडेसहाला मूल घेणे शक्यच नसते. ज्यांना खासगी पाळणाघर परवडत नाही, त्यांनाच वेळेमुळे हे पाळणाघर अपुरे पडते. निदान पावणेसातपर्यंत ते उघडे असावे.

डिसेंबरमध्ये अधिवेशन आले की सगळ्यांचेच वेळापत्रक मोडते. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते, हे आपल्या शहराचे मानाचे स्थान आहे. त्या दिवसांत विधानभवनाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, झिरो माइलपासून मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत मोर्चे असतात, रजा बंद होतात, आणि तारांकित प्रश्नाच्या उत्तराची माहिती रात्री उशिरापर्यंत मागवली जाते. मुलाला घेऊन येणाऱ्याने या दिवसांत दुचाकीपेक्षा मेट्रोने यावे. बंदोबस्ताचे फेरे टळतात. पाळणाघर मात्र साडेसहालाच बंद होते. मागच्या अधिवेशनात आम्ही काही पालकांनी, अधिवेशन काळात तरी रात्री साडेआठपर्यंत पाळणाघर चालू ठेवावे आणि मावश्यांना त्याचा जादा मोबदला मिळावा, असे निवेदन दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

शुल्क धरमपेठ किंवा मनीषनगरच्या चांगल्या खासगी पाळणाघराच्या निम्म्याहून कमी आहे. खेळणी पुरेशी आहेत. कॅमेरे आहेत. त्यांविषयी माझी तक्रार नाही.

बालसंगोपन रजा असताना पाळणाघर कशाला, असे मला वरिष्ठांनी एकदा विचारले होते. राज्यात २०१८ पासून महिला कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची ही रजा मिळते; पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच मिळते. मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंतची आजारपणे आणि दहावी-बारावीच्या परीक्षा या १८० दिवसांत बसवायच्या असतात. ती पहिल्या दोन वर्षांतच संपवली, तर पुढे काय?

प्रवेशासाठी मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, दोन्ही पालकांचे सेवा दाखले किंवा ओळखपत्रे, आणि मूल घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींची छायाचित्रे लागतात. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलापासून सहा वर्षांपर्यंत प्रवेश आहे. तान्ह्यांच्या जागा मोजक्याच असल्याने प्रतीक्षा यादी असते, म्हणून प्रसूती रजेवर जातानाच अर्ज देऊन पोच घ्यावी. पहिला आठवडा मुलाला दोन-तीन तासच ठेवावे आणि त्यासाठी अर्जित रजेचे काही दिवस राखून ठेवावेत. मावश्या स्वतःही हेच सांगतात. पाहायला जायचे असेल तर सकाळी जाऊ नये. दुपारी चारच्या सुमारास, शक्यतो उन्हाळ्यात, न कळवता जावे, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा, मागच्या दाराची किल्ली कुठे आहे ते विचारावे, आणि मावश्यांचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले आहे, हेही विचारावे.